नरवाईतली साखर

१०० किलो ऊस गाळला तर १०-११ किलो साखर हाती येते. १०० किलो गव्हाच्या काडात, कागदावर हिशेब मांडला तर, जवळजवळ ७० किलो साखर निघते. उसात दोन-तृतीयांशाहून जास्त पाणीच असतं आणि काड खडखडीत वाळलेलं, तेव्हा ही तुलना जरा अन्यायाचीच आहे, कबूल. तरीही आकडा डोक्यातून जात नाही. ज्याची गंजी रचतात, ज्याच्यावर गुरं बसतात, जे नको झालं की काडी ओढून मोकळे होतात, त्यात उसाच्या सहापट साखर?

एप्रिलच्या मध्यावर ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याने डबऱ्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही साखर जळताना दिसते. हरसी धरणाच्या कालव्यांमुळे डबरा-भितरवार हा पट्टा भाताचा आणि गव्हाचा. गहू हार्वेस्टरने कापतात. यंत्र वरच्या ओंब्या घेऊन पुढे जातं आणि मागे धसकटं उभी राहतात. त्यांना इकडे नरवाई म्हणतात. ज्यांच्या दारात जनावरं आहेत ते मागाहून दुसरं यंत्र फिरवून त्याचा भुसा करून घेतात, बाकीचे काडेपेटी काढतात. दरवर्षी मनाईहुकूम निघतो. मध्य प्रदेशात दंडही ठरलेला आहे: २ एकरांच्या आत २,५०० रुपये, ५ एकरांपर्यंत ५,००० आणि त्यापुढे १५,०००. नरवाई जळायची ती जळतेच, कारण रान मोकळं करायचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. डबऱ्याचा साखर कारखाना एकेकाळी या गावाची ओळख होता. तो बंद पडला आहे.

आता एक काडी हातात घेऊन नीट बघा. बाहेरून पिवळी, चकचकीत. ती चकाकी मेणाची आणि सिलिकाची, म्हणजे वाळूतल्याच पदार्थाची. म्हणून तर ओल्या हाताने पेंढी ओढताना बोट कापतं. थोड्या थोड्या अंतरावर पेर, मधे पोकळी. दातांखाली धरून कितीही चावा, गोडीचा मागमूस नाही. पण याच झाडाचा दाणा दळून केलेली पोळी तोंडात घोळवत राहिलात तर मिनिटाभरात गोडसर लागायला लागते. दाण्यात पिष्ट आहे आणि पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब साखळी. आपल्या लाळेतलं एन्झाइम ती साखळी तोडतं, ग्लुकोजच्या दोन-तीन कणांचे लहान तुकडे सुटतात, जिभेला कळतात.

काडीतही तीच साखळी आहे. तोच ग्लुकोज, कणाला कण जोडलेला. फरक आहे तो फक्त एका जोडाच्या दिशेचा. पिष्टात सगळे कण एकाच अंगाने जोडलेले असल्यामुळे साखळी गुंडाळत जाते, सैल राहते, तिच्यात पाणी शिरतं. काडीत प्रत्येक कण मागच्याच्या मानाने उलटा बसलेला. एवढ्यानेच साखळी सरळसोट होते, शेजारच्या साखळीला चिकटून झोपते, त्या दोघींमध्ये हायड्रोजनचे असंख्य बारीक बंध तयार होतात, आणि अशा डझनावारी साखळ्यांचा एक घट्ट, स्फटिकासारखा धागा बनतो. याला सेल्युलोज म्हणतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायँ यांनी १८३८ मध्ये तो वेगळा ओळखला. कापूस जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच असतो. नुसत्या पाण्यात, एन्झाइमची मदत न घेता, साध्या तापमानाला यातला एक जोड आपणहून तुटायची वाट बघत बसलं तर? अमेरिकेतल्या रिचर्ड वुल्फेंडेन यांनी १९९८ मध्ये सहकाऱ्यांसह मापन करून याचा अंदाज बांधला. निम्मे जोड तुटायला सुमारे ४७ लाख वर्षं लागतील. आपल्या अंगावरच्या सुती सदऱ्याची पावसात साखर होत नाही, यामागे हा आकडा उभा आहे.

बरं, काडीत सेल्युलोज एकटा नसतो. तिच्या वजनाचा साधारण ३५ ते ४० टक्के भाग सेल्युलोजचा. त्याच्याभोवती हेमिसेल्युलोज, म्हणजे झायलोजसारख्या दुसऱ्या साखरांच्या आखूड, फांद्या फुटलेल्या साखळ्या. तो २० ते ३० टक्के. आणि या दोघांना लपेटून, फटीफटीत शिरून घट्ट बसलेलं लिग्निन, १५ ते २० टक्के. लिग्निनमध्ये साखर नाही. ते डांबरी स्वभावाचं, पाण्याला दूर लोटणारं, कुठलाही ठरावीक नमुना नसलेलं जंजाळ आहे. झाड वाऱ्यात उभं राहतं, बुरशी-किड्यांना दाद देत नाही, ते त्याच्या जोरावर. एन्झाइम कितीही तरबेज असलं तरी लिग्निनमधून वाट काढून सेल्युलोजपर्यंत पोचेल तेव्हा ना! कच्च्या काडावर नुसतं एन्झाइम टाकलं तर साखरेचा थोडासाच भाग सुटतो, बाकीचं काड जसंच्या तसं. म्हणून आधी काड उसवावं लागतं. शास्त्रज्ञ याला पूर्वप्रक्रिया म्हणतात. नाव किरकोळ वाटतं, जणू खऱ्या कामाआधीची झाडलोट. माझ्या मते मात्र खरं काम हेच आहे. पुढचं आंबवणं, ऊर्ध्वपातन वगैरे माणसाला हजारो वर्षं येतं.

आता ग्वाल्हेरची गोष्ट. सेल्युलोज उसवायच्या विद्येशी या शहराचं नाव फार पूर्वीच जोडलं गेलं आहे, आणि मराठी घरांत ते नाव सदऱ्या-पँटीच्या कापडावर वाचलेलं आहे. स्वातंत्र्यानंतर दहाच दिवसांनी, २५ ऑगस्ट १९४७ रोजी, ग्वाल्हेर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची नोंदणी झाली. हीच पुढे ग्रासिम झाली. तिचं ‘ग्वालियर सूटिंग’, त्याच्या पतौडींच्या जाहिराती, लग्नाच्या बस्त्यातला तो ठरलेला कपडा, हे सगळं आठवणारी पिढी अजून आहे. सुरुवातीला बाहेरचं सूत आणून विणायचं, मग १९५४ पासून जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्याच नागद्याला व्हिस्कोसचा तंतू तयार होऊ लागला. व्हिस्कोस म्हणजे काय? लाकडाच्या लगद्यातला सेल्युलोज कडक कॉस्टिक सोड्यात भिजवायचा. सोडा त्या स्फटिकधाग्यात शिरतो, साखळ्यांमधले हायड्रोजनचे बंध ढिले पडतात, धागा फुगतो. मग त्यावर कार्बन डायसल्फाइड चढवलं की चक्क मधासारखा दाट रस होतो. तो बारीक भोकांतून आम्लाच्या हौदात सोडला की पुन्हा सेल्युलोज, पण आता लांब चमकदार तंतूच्या रूपात.

म्हणजे जे पावसापाण्याला दाद देत नाही ते कारखान्यात विरघळतं आणि पुन्हा गोठतं. रसायन माहीत आहे. मग काडाचं गाडं अडलं कुठे? किमतीत. कापडाच्या भावाने विकायचं असेल तर आधी लगदा शुद्ध करण्याचा, सोडा-गंधकाचा खर्च निघतो. साखरेच्या भावाने, त्यातही मोटारीच्या टाकीत ओतायच्या इथेनॉलच्या भावाने विकायचं असेल तर एवढे लाड परवडत नाहीत.

फुकटात हे काम करणारा प्राणी ग्वाल्हेरातच, मुरार भागातल्या लाल टिपारा गोशाळेत, हजारोंच्या संख्येने उभा आहे. महापालिकेची ही गोशाळा मोठी, सुमारे १० हजार गुरांची. तिथे एखादी गाय रवंथ करताना जरा वेळ बघत बसा. भुसा तिने सकाळीच भराभर गिळलेला असतो. आता गळ्याखालून एक गोळा वर सरकताना दिसतो, जबडा आडवा फिरायला लागतो, एका गोळ्याला चाळीस-पन्नास वेळा, मग गोळा पुन्हा खाली. जरा थांबून दुसरा वर. दिवसाचे सहा-आठ तास हेच चाललेलं असतं. बघणाऱ्याला ती आळसावलेली वाटते. ती काड दळते आहे. तुकडा जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त, आणि एन्झाइमला पकडायला जागाही तितकी जास्त. कारखान्यातली पूर्वप्रक्रियेची पहिली पायरीही हीच, फक्त तिथे त्यासाठी विजेचं बिल येतं.

दळलेलं काड जातं रुमेनमध्ये. हा पोटाचा पहिला कप्पा, मोठ्या गाईत शंभर लिटरच्या आसपासचा. तापमान ३९ अंश, प्राणवायूचा पत्ता नाही, आणि दर मिलिलिटरला अब्जावधी जिवाणू. सेल्युलोज पचवणारं एन्झाइम गाईच्या स्वतःच्या अंगात नाहीच. ते या भाडेकरूंचं. यातल्या काही मंडळींची ओळख पटायला १९७५ साल उजाडावं लागलं. शेपटी हलवत पोहणारे काही कण रुमेनच्या रसात सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचे. त्यांना सगळे एकपेशीय प्राणी समजत होते. इंग्लंडमधल्या कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवून दिलं की ते प्राणी नव्हेत, बुरशीची पोहणारी बीजं आहेत. प्राणवायूशिवाय जगणारी बुरशी असू शकते यावरच तोवर कुणाचा विश्वास नव्हता. हे बीज काडाच्या तुकड्याला चिकटतं, त्यातून मुळासारखे तंतू फुटतात आणि ते काडाच्या पेशींमध्ये घुसून त्यांना आतून फाडतात. मागून जिवाणू शिरतात. यंत्राने दळणं आणि रसायनाने उसवणं, दोन्ही एकाच जिवाने केलेलं.

आणि तरीही गाईला काड पूर्ण पचत नाही. दोन-तीन दिवस पोटात ठेवूनही निम्म्याच्या आसपास भाग शेणात जातो. लिग्निन तोडायला प्राणवायू लागतो, आणि रुमेनमध्ये तो नाही. त्यामुळे लिग्निन, आणि त्याच्या मिठीत अडकलेला सेल्युलोज, बाहेर. लाल टिपाऱ्यात २ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इंडियन ऑइलचा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. रोज १०० टन शेण घेऊन त्यातून दोन-तीन टन वायू काढायचा अशी त्याची आखणी. म्हणजे गाईने जे सोडलं ते दुसऱ्या जिवाणूंच्या हवाली. त्याच्याही शेवटी जे उरतं आणि खत म्हणून शेतात जातं, त्यात लिग्निन असतंच. या साऱ्या साखळीत हरत नाही ते एवढंच.

लिग्निनला खरी तोडीस तोड भेटते ती पांढऱ्या कुजेची बुरशी. जंगलात पडलेलं लाकूड पांढरं, मऊ, कापसासारखं झालेलं दिसतं ते तिचं काम. धिंगरी अळिंबी याच गोत्रातली. गव्हाच्या भिजवलेल्या भुशावर तिची पिशवी भरली की काही आठवड्यांत पांढरं जाळं पसरतं, लिग्निन थोडंफार तुटतं, वर अळिंबी येते. स्वस्त, बिनधुराचं, सुंदर. पण आठवडे लागतात, आणि बुरशी आपल्या वाट्याची साखरही खाऊन घेते. कारखानदाराला ना तेवढा वेळ आहे, ना तेवढं मोठं मन.

सेल्युलोज तोडणाऱ्या एन्झाइमची कहाणी तर थेट युद्धातली आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू, पट्टे, सगळा सुती माल भराभर कुजायला लागला. का कुजतो ते शोधायला सैन्याने प्रयोगशाळा बसवली. गोळा केलेल्या बुरशींच्या नमुन्यांत एक हिरवट बुरशी निघाली, कापूस खाण्यात सगळ्यांच्या पुढे. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तंबू वाचवायचे कसे इथून सुरू झालेला प्रश्न हळूहळू उलटा झाला: एवढं जोरदार एन्झाइम असेल तर त्याच्याकडून काड-कागदाची साखर का करून घेऊ नये? १९७७ मध्ये त्या बुरशीला रीस यांच्या नावावरून ‘ट्रायकोडर्मा रीसी’ हे नाव मिळालं. आज जगभर सेल्युलोज तोडणारं एन्झाइम बनवायला जी ट्रायकोडर्मा वापरतात तिचे सगळे कारखानी वाण त्या एकाच नमुन्याचे वंशज आहेत. किरणांचा मारा करून, निवड करत करत माणसांनी तिला इतकं पुढे नेलं की आता एका लिटर रसात ती १०० ग्रॅमहून जास्त प्रथिनं ओतते.

हे एन्झाइम काम करताना प्रत्यक्ष बघितलं गेलं २०११ मध्ये, जपानमध्ये. कियोहिको इगाराशी आणि सहकाऱ्यांनी वेगवान अणुबल सूक्ष्मदर्शक वापरला. सेल्युलोजच्या धाग्यावर एन्झाइमचे रेणू एका दिशेने सरकताना दिसले, सेकंदाला सुमारे ७ नॅनोमीटर. एका पावलात एक नॅनोमीटर, आणि प्रत्येक पावलाला ग्लुकोजची एक जोडी कापून बाहेर. या एन्झाइमच्या पोटात बोगदा असतो. साखळीचं एक टोक त्या बोगद्यात ओढून घेऊन ते कापत पुढे जातं, सोडत नाही. गंमत पुढेच आहे. धाग्यावर कुठे खडबडीत जागा आली की पहिला रेणू अडतो, त्याच्या मागे दुसरा, तिसरा, आणि पाहता पाहता रांग तुंबते. संशोधकांनी तिला वाहतूककोंडीच म्हटलं. शिंदे की छावणीतून संध्याकाळी गाडी काढणाऱ्याला याचं वेगळं स्पष्टीकरण नको. दुसऱ्या जातीचं एन्झाइम धागा बाजूने सोलून वाट मोकळी करतं तेव्हाच रांग हलते. म्हणून एका एन्झाइमने भागत नाही, टोळीच लागते.

आता माणसाच्या घाईच्या पद्धती. सगळ्यात जुनी आम्लाची. फ्रान्समधल्या नान्सीत आंरी ब्राकोनो यांनी १८१९ मध्ये जुन्या तागाच्या चिंध्यांवर गंधकाम्ल ओतलं, मग पाणी घालून उकळलं, आणि साखर निघाली. ती चिंध्यांच्या वजनापेक्षा वजनाला जास्त भरली! त्या काळी लोकांनी थट्टा केली असेल तर नवल नाही. पण त्यात खोट नाही. साखळीतला प्रत्येक जोड तुटताना पाण्याचा एक रेणू आत शिरतो, म्हणून १०० किलो सेल्युलोजचं १११ किलो ग्लुकोज होतं. सुरुवातीचा सत्तर किलोचा हिशेबही याच वाढीसकट आहे.

दुसरी पद्धत वाफेची. ज्वारीच्या लाह्या फुटतात तशीच काडाची लाही फोडायची. काड बंद टाकीत २०० अंशांच्या आसपासच्या वाफेखाली काही मिनिटं ठेवायचं आणि एकदम झडप उघडायची. आतलं पाणी क्षणात वाफ होऊन पसरतं, पेशींच्या भिंती फाटतात, सोनेरी काडाचा तपकिरी, तंतूतंतू झालेला चोथा बाहेर उडतो. अमेरिकेतल्या विल्यम मेसन यांनी १९२०च्या दशकात लाकडाच्या कपच्यांची पत्र्यासारखी फळी करायला ही तोफ बनवली होती. साखरेचा त्यांच्या मनात विचारही नव्हता.

या पद्धतीत एक गोष्ट मला फार आवडते. आम्ल बाहेरून न घालता नुसत्या गरम पाण्यानेही काम होतं, कारण आम्ल काडातच दडलेलं असतं. हेमिसेल्युलोजच्या साखळ्यांना जागोजागी ॲसिटिक आम्लाचे तुकडे चिकटलेले असतात. उष्णतेने ते सुटतात, पाणी आंबट होतं आणि हे आंबट पाणीच उरलेल्या हेमिसेल्युलोजला कापत सुटतं. काड स्वतःच्या सिरक्यात शिजतं.

पण घाईची किंमत असते. जरा जास्त तापवलं, जरा जास्त वेळ ठेवलं की सुटलेली झायलोज साखर करपून तिचं फरफ्युरल होतं. ते यीस्टला विषासारखं. साखर काढली खरी, पण ती खाणारा मेला. कमी तापवलं तर काड उसवत नाही. या दोन टोकांमधली काही मिनिटं आणि काही अंश हीच खरी कला. फरफ्युरलला स्वतःची बाजारपेठ आहे हे वेगळं. १९२०च्या दशकात अमेरिकेत ओट्सच्या फोलापासून ते टनावारी बनू लागलं. म्हणजे एकाचं विष हा दुसऱ्याचा माल.

तिसरी पद्धत अल्कलीची: चुना, कॉस्टिक सोडा, अमोनिया. ही लिग्निनवर नेम धरते. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चाऱ्याचा दुष्काळ पडला तेव्हा तिथे काड सोड्यात भिजवून जनावरांना घालत. एर्न्स्ट बेकमन यांनी तीच प्रक्रिया पुढे सुधारली. आणि हे फार परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे पशुसंवर्धनाची माणसं गावोगाव शिकवतात ती युरिया प्रक्रिया हीच आहे. १०० किलो वाळक्या चाऱ्याला ४ किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थरावर थर देऊन तुडवायचं, वर ताडपत्री घट्ट बांधून २१ दिवस हात लावायचा नाही. आत युरियाचा अमोनिया होतो, अमोनिया काड फुगवतो, लिग्निनची पकड सैल होते. ताडपत्री उघडली की डोळ्यांत पाणी आणणारा भपकारा, काड मऊ आणि पिवळंधमक, आणि जनावर ते आवडीने खातं. जी गोष्ट प्रयोगशाळांमध्ये ‘अमोनिया पूर्वप्रक्रिया’ म्हणून महागड्या टाकीत केली जाते, ती गोठ्यामागे ताडपत्रीखाली होते. तीन आठवडे द्यायची तयारी हवी एवढंच.

मराठी मुलखात या विषयावर बरंच काम झालं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात वासंती देशपांडे, माला राव आणि सहकाऱ्यांनी न्यूरोस्पोरा नावाच्या बुरशीकडून एकहाती दोन कामं करून घेतली: सेल्युलोज तोडायचा आणि त्याचा थेट अल्कोहोलही करायचा. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अरविंद लाली यांच्या गटाने काडापासून अल्कोहोलपर्यंतचा सगळा प्रवास २४ तासांच्या आत बसवला. त्यांचा रोज १० टनांचा प्रात्यक्षिक प्रकल्प एप्रिल २०१६ मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला सुरू झाला. पुण्याच्या प्राज कंपनीने दौंडजवळ आपला प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला आणि पुढे तिचं तंत्रज्ञान गेलं ते पानिपतला. पानिपतावर लढलेल्या महादजी शिंद्यांच्या ग्वाल्हेरात राहून हे वाचताना जरा मजा वाटते. १० ऑगस्ट २०२२ रोजी इंडियन ऑइलचा तिथला प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला: वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा, आणि त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल.

भागाकार करून बघा. टनाला १५० लिटर. कागदावरची सगळी साखर सुटली आणि सगळी आंबली तर टनाला ४०० लिटरच्या आसपास यायला हवं. म्हणजे ठरवलेलं उद्दिष्टच निम्म्याहून कमी आहे, आणि तेही शरमेचं मानायचं कारण नाही. साधं यीस्ट झायलोज खातच नाही, त्यासाठी मुद्दाम घडवलेलं यीस्ट लागतं. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर, ती पाती आणि पंप घासून टाकते. गठ्ठ्यासोबत माती, खडे, तारा येतात. आणि काड इतकं हलकं की ट्रक दिसायला भरतो, वजनाला भरत नाही.

जगातल्या दांडग्या कंपन्यांनीही यात हात पोळून घेतले आहेत. इटलीतल्या क्रेशेंतिनोचा प्रकल्प २०१३ मध्ये उघडला, २०१७ मध्ये बंद. अमेरिकेत कॅन्सासमधल्या ह्यूगोटनचा २०१४ मध्ये सुरू झाला आणि दोन वर्षांत कंपनीच दिवाळखोरीत गेली. ड्यूपाँटने आयोवात जगातला सगळ्यात मोठा म्हणून उघडलेला २०१५ चा प्रकल्प २०१७ मध्ये गुंडाळला. क्लेरियंटचा रुमेनियातला २०२२ मध्ये चालू, २०२३ च्या डिसेंबरात बंद. एन्झाइमं सुधारली, स्वस्त झाली. बहुतेकांचं घोडं अडलं ते त्याच्या आधी: काड आत ढकलताना, उसवताना, टाक्या तुंबताना. आपल्याकडे दरम्यान पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळणंही साधलं, पण ते मुख्यतः ऊस, मका आणि तांदळाच्या जोरावर. खायच्या धान्याची साखर सोपी पडते.

तेव्हा ग्वाल्हेरात काय करावं? भुशाला इथे आधीच गिऱ्हाईक आहे. उन्हाळ्यात त्याचा भाव चढतो, आणि लाल टिपाऱ्यासारख्या गोशाळेला तो विकत घ्यावाच लागतो. गाईच्या तोंडचा भुसा काढून मोटारीला पाजणं मला पटत नाही. जमिनीलाही काडाचा काही भाग परत हवा. पण मुरैना, भिंड, ग्वाल्हेर हा मोहरीचा मुलूख आहे, आणि मोहरीचं काड गाय खात नाही. ते लाकडासारखं टणक. लिग्निन गव्हाच्या काडापेक्षा थोडं जास्तच, सिलिका मात्र भाताच्या पेंढ्यापेक्षा पुष्कळ कमी. आज ते वीटभट्ट्यांत जातं, चुलीत जातं, त्याच्या कांड्या दाबून बॉयलरला विकतात, नाहीतर बांधावरच पेटवतात.

या काडाची सगळी साखर ओरबाडायच्या फंदात न पडलेलंच बरं. सेल्युलोज आणि लिग्निनची मिठी सोडवणं हे महागडं काम. त्याआधी जे सहज सुटतं ते हेमिसेल्युलोज. काड नुसत्या गरम पाण्यात, स्वतःच्याच सिरक्यात शिजवलं की झायलोज आणि तिचे आखूड तुकडे पाण्यात उतरतात. झायलोजपासून झायलिटॉल होतं, दात न किडवणारी गोडी म्हणून ज्याची च्युइंगम खपते ते. आखूड तुकडे आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य म्हणून विकले जातात. दोन्हींना इथेनॉलच्या कैकपट भाव आहे, आणि बाजार लहान असल्यामुळे प्रकल्पही लहान चालतो.

मागे उरतं ते सेल्युलोज-लिग्निनचं घट्ट काड. त्याला पुढे उसवत बसायची गरज नाही. गरम पाण्याने त्यातलं पोटॅशियम आणि क्लोरिन बरंचसं धुऊन गेलेलं असतं, आणि बॉयलरच्या नळ्यांवर काचेसारखी खंगर साचते ती मुख्यतः या दोघांमुळे. लिग्निनचं प्रमाण वाढल्यामुळे किलोमागे उष्णताही थोडी जास्त मिळते. धुतलेल्या पाण्यातलं पोटॅशियम मोहरीच्याच शेतात परत जाऊ शकतं. बॉयलरवाल्याला मोहरीचं काड जाळायचंच आहे. त्याला ते साखर काढून घेतलेलं चालेल का, आणि तो त्याला चार पैसे जास्त देईल का, हे आधी त्यालाच जाऊन विचारायला हवं.